एकवीस दिवसांची रजा

टोकरखाडा, सिल्वासा
२ डिसेंबर १९९४

धनश्री,

वर ‘चि.’ लिहावं की ‘चि. सौ.’, यात माझा अर्धा तास गेला. तुझ्या नावामागे ‘सौ.’ मी आजवर लिहिलेलं नाही. शेवटी नुसतं नाव लिहिलं. आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल.

तुझं पत्र मंगळवारी आलं. अडीच वर्षांतलं पहिलं. ऑफिसच्या टपालात आलं, म्हणजे आधी बारकूच्या हातात पडलं. अमेरिकेचं तिकीट बघून त्याला वाटलं, लेकाचं असेल. मग पाकिटावर माझं नाव वाचलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. थोड्या वेळानं न मागता चहा आणला. आपल्या ऑफिसचा शिपाई आपला व्याही झाला की त्याच्या हातचा चहा कसा प्यावा, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. मी मान खाली घालून प्यायलो.

एप्रिलच्या मध्यावर तारीख आहे, डॉक्टरांनी आत्तापासून पडून राहायला सांगितलंय, ललितला कारखान्यात पाळ्या असतात, हे सगळं वाचलं. तिकीट एकाचंच जमतंय आणि तुझ्या सासूबाई, चिमाबाई म्हणाल्या, ‘आधी तिचा बाप जाऊ दे’, हेही वाचलं. बाळंतपणाला बाप काय कामाचा, असं लोक म्हणतील. म्हणोत. तुझी आई गेल्यावर या घरात पोळ्या कोण लाटायचं? पहिले चार महिने त्या भारताच्या नकाशासारख्या होत्या, पण तू खाल्ल्यास. आता माझी अळिवाची खीर शेजारच्या कुलकर्णीबाई मागून नेतात.

येतो. पासपोर्ट माझ्याकडे आहे. गेल्या वर्षीच काढून ठेवलाय. का, ते विचारू नकोस.

एक गोष्ट राहिली. तू लिहिलंस, ‘लग्नाच्या वेळी तुम्ही हृदयविकारानं अंथरुणावर होतात आणि मी रागाच्या भरात तुम्हाला भेटायलाही आले नाही. माझ्यामुळेच तुम्हाला तो त्रास झाला. बाबा, मला क्षमा करा.’ अगं, क्षमा कसली. झालं गेलं. माझी प्रकृती आता उत्तम आहे. हा विषय पत्रात पुन्हा काढू नकोस, या दिवसांत तुला मनस्ताप नको.

बाबा


२८ डिसेंबर १९९४

धनश्री,

विम्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, ही तुझी अट ललितनंही बारकूला फोनवर सांगितली. त्याच्या कारखान्यातल्या एकाचे वडील तिकडे आजारी पडले आणि चार दिवसांच्या इस्पितळापायी मुलाचं घर विकायला निघालं, हे वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. तुम्ही नुकतं घर घेतलंय. मी यायचो बाळाचे लंगोट धुवायला आणि तुम्हाला रस्त्यावर आणून ठेवायचो.

आमलीत सुधाकर नावाचा एजंट आहे. जळगावकडचा. आधी सुताच्या कारखान्यात सुपरवायझर होता, आता विमे उतरवतो. त्यानं परदेश प्रवासाचा अर्ज आणून दिला. अर्जाचे दोन भाग. पहिला आपण भरायचा, दुसरा डॉक्टरनं तपासून. तेहतीस वर्षं लोकांचे अर्ज भरले मी. जन्मतारीख विसरलेल्यांना जन्मतारीख दिली. पण नवव्या प्रश्नावर माझं पेन अडलं. ‘गेल्या पाच वर्षांत कोणत्याही आजारासाठी आपण उपचार अगर रजा घेतली आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’

सुधाकर म्हणाला, “काका, सरळ ‘नाही’ लिहा ना भो! तिथं कोन पाहायला येतंय?”

कोण पाहायला येतं ते मला ठाऊक आहे. भगवंत ड्रायव्हर आठवतो? तुला शाळेत जीपमधून सोडायचा, मागच्या बाजूला बसवून गाणी म्हणायचा. त्यानं एकदा काविळीचं सर्टिफिकेट देऊन पंधरा दिवस रजा काढली होती. कावीळबिवीळ काही नव्हती, गावाकडे घर शाकारायचं होतं. सगळेच काढतात तशी रजा. साधी रजा मागितली तर साहेब शंभर प्रश्न विचारतो, सर्टिफिकेट लावलं की निमूट सही करतो. पुढे त्यानं आयुष्याचा विमा उतरवला आणि आजारपणाच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलं. ते खरंच होतं. दोन वर्षांनी ताप डोक्यात जाऊन गेला बिचारा. मग विमा कंपनीचा कागद आमच्या ऑफिसला आला: मयताने घेतलेल्या वैद्यकीय रजांचा तपशील कळवावा. आस्थापनेचा कारकून मी. सेवापुस्तक काढलं, पाहिलं आणि सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: कावीळ, पंधरा दिवस. कंपनीनं कळवलं, माणसानं आजार लपवला, दावा नामंजूर.

त्याची बायको तानूबाई माझ्या टेबलासमोर दोन तास बसून होती. “साहेब, त्याला कावीळ कवाच नवती,” एवढंच म्हणत होती. मी म्हटलं, बाई, कागदावर आहे. आता ती सुताच्या कारखान्यात बॉबिन पुसते. रस्त्यात दिसली की मी सायकल दुसऱ्या बाजूला घेतो.

माझं सेवापुस्तकही त्याच कपाटात आहे. मे १९९२, एकवीस दिवस. इतर कारकून नुसतं ‘वैद्यकीय रजा’ लिहून मोकळे होतात. मी शिस्तीचा माणूस ना! मी स्वतःच्या हातानं पुढे आजाराचं नावही लिहून ठेवलंय.

तू म्हणतेस, ‘हृदयाचं सगळं खरं लिहा, लपवलं तर पैसे देत नाहीत.’ बरोबर आहे तुझं. आज नवव्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिलं आणि अर्ज सुधाकरला दिला. सही तेवढी नीट आली नाही.

पाय वर करून झोपत जा. जिने चढू नकोस.

बाबा


१९ जानेवारी १९९५

धनश्री,

अर्ज परत आला. कंपनी म्हणते, त्या वेळच्या उपचारांचे सगळे कागद जोडा. ईसीजीच्या पट्ट्या, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरचं टिपण. शिवाय हृदयाच्या डॉक्टरकडून नवी तपासणी.

आमलीच्या रमाकांत डॉक्टरांकडे गेलो. सर्टिफिकेट त्यांचंच. कागद विचारले तर माझ्याकडे बघतच राहिले. शेवटी म्हणाले, “प्रभाकरराव, कुठून काढू कागद?” मी म्हटलं, बघा सापडले तर. ते म्हणाले, “तुम्ही घरी जा.” त्यांच्याकडे जुने कागद राहिलेले नाहीत, एवढं तू समज.

आणि आता तुला सांगायचं नव्हतं ते सांगतो, कारण दुसरं कोणी नाही. गेले दहा दिवस माझ्या छातीत दुखतं. डाव्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल इतकं नेमकं. ऑफिसचा जिना चढलो की मधल्या वळणावर थांबावं लागतं. परवा बाजारात पालेभाजी निवडताना डावा हात एकदम जड झाला, जुडी खाली पडली. भाजीवालीनं पाणी दिलं. घरी येऊन खाटेवर बसलो आणि कितीतरी वेळ स्वतःची नाडी मोजत राहिलो. एकदा ब्याण्णव, एकदा एकशे आठ.

आमची आई म्हणायची, आजाराचं नाव उगाच तोंडानं घेऊ नये, तो उंबऱ्यावर बसून ऐकत असतो. मी तर त्याचं नाव कागदावर लिहिलं, दोनदा लिहिलं, शिक्का मारून घेतला. मला भीती वाटते, धनश्री. मरणाची वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त, तुझ्या दारात मरायची वाटते. तू आठवा महिना पोटात घेऊन एका परक्या इस्पितळाच्या बाकावर बसली आहेस आणि ललित कुठल्यातरी कागदावर सही करतोय, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

बारकूला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. काल म्हणाला, “साहेब, सुरतला जाऊ. मी येतो संगाती.” मी म्हटलं, तू रजा कशाला वाया घालवतोस? तर म्हणतो, “नातीच्या नायतर नातवाच्या कामाला रजा वाया कशी जाईल?”

तू पत्रात विचारतेस, तब्येत खरंच बरी आहे ना, नसेल तर येऊ नका, मी सांभाळीन. तू सांभाळशील, मला ठाऊक आहे. पण मला यायचंय. सुरतचं काय होतं ते कळवतो.

बाबा


७ फेब्रुवारी १९९५

धनश्री,

हे पत्र ललित घरी असेल तेव्हा वाच. जेवून घे आणि मग वाच.

सुरतेला जाऊन आलो. प्लेगच्या धास्तीतून शहर आता सावरलंय, तरी मी तोंडाला रुमाल बांधूनच फिरलो. बारकू हसत होता. डॉक्टर तरुण, गुजराती. आधी छातीला तारा लावून पट्टी काढली, मग पायाखाली सरकणाऱ्या पट्ट्यावर चालवलं. पट्ट्याचा वेग वाढत गेला तशी माझी खात्री होत गेली की आता संपलं. बारकू दाराशी माझा शर्ट घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघून मनातल्या मनात सांगितलं, पोरीला सांभाळ.

डॉक्टरांनी पट्टी दोनदा पाहिली. म्हणाले, “काका, तुम्हाला कुणी सांगितलं हार्टचा त्रास आहे? हे हृदय चाळिशीच्या माणसाचं आहे.”

मी छातीतल्या दुखण्याचं सांगितलं. ते म्हणाले, “टेन्शन. गॅस. चालत जा.” मग माझ्या अर्जाचा पहिला भाग वाचला आणि त्यांचा आवाज बदलला. “तुम्ही लिहिलंय, ९२ साली हार्टसाठी एकवीस दिवस पूर्ण विश्रांती. पट्टीत काही माग नाही, गोळी एक नाही, कागद एक नाही. मी माझ्या भागात ‘पूर्वेतिहास नाही’ असंच लिहिणार. तुमच्या आणि माझ्या लिहिण्यातलं एक खोटं ठरणार. कुठलं, ते तुम्ही ठरवा.”

तेव्हा बारकू पुढे झाला. आयुष्यात साहेबलोकांसमोर न बोललेला माणूस. म्हणाला, “डाक्टरसाहेब, यांना तवा काय झालं नवतं. तो कागद मीच ऑफिसात नेलता.”

हृदय चांगलं आहे हे ऐकून माणसं पेढे वाटतात. मी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. कारण आता माझ्याकडे काहीच कारण उरलं नाही.

धनश्री, मी आजारी नव्हतो. तुझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी रमाकांत डॉक्टरांकडे जाऊन सर्टिफिकेट मागून घेतलं. त्यांनी विचारलं, काय लिहू? मीच म्हटलं, हृदयाचं लिहा, त्यावर कोणी शंका घेत नाही. एक प्रत रजेच्या अर्जाला लावली, दुसरी तुला पाठवली. कारकून ना मी. कागद पाठवला की माझ्यापुरतं प्रकरण मिटलं. मग राजापूरला आत्याकडे गेलो. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी तिथे आमरस-पुरी खाल्ली. घास गिळला गेला, हेही सांगून टाकतो.

का, तर बारकूचा मुलगा म्हणून. ललित इंजिनिअर होता, तुझ्यापेक्षा हुशार होता, हे मला दिसत होतं. पण जो माणूस मी घंटी वाजवल्यावर उठून उभा राहतो, त्याच्या गळ्यात मी हार घालायचा, खानवेलच्या वारल्यांच्या पंगतीला बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच माझ्या टेबलावरचा कप उचलायचा! ऑफिस काय म्हणेल, राजापूर काय म्हणेल. तुला तोंडावर ‘नाही’ म्हणायची हिंमत नव्हती आणि ‘हो’ म्हणायचा मोठेपणा नव्हता. मधला रस्ता एकवीस दिवसांचा काढला.

आणि बारकूला सगळं माहीत होतं. माझा रजेचा अर्ज त्यानंच घरून नेला. मी बॅग भरत होतो, कपाटातून सदरे काढत होतो. सर्टिफिकेटवर लिहिलं होतं, अंथरुणातून उठू नये. त्याच्या हातात त्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका होती, मला द्यायला आणलेली. ती त्यानं टेबलावर ठेवली, अर्ज उचलला आणि गेला. अडीच वर्षं हा माणूस माझ्याशी गप्प राहिला. तुम्हालाही त्यानं सांगितलेलं नाही, हे तुझ्या पत्रावरून कळतं. परतीच्या वाटेवर मी विचारलं, का रे नाही सांगितलंस? म्हणाला, “पोरगी बापावर रडत होती. बाप आजारी हाय असं समजून रडणं सोपं, साहेब.”

तू डिसेंबरात माझी क्षमा मागितलीस आणि मी ती घेतली. त्या कागदापेक्षा हे मोठं पाप. तो कागद भीतीपोटी केला होता. ही क्षमा मी मिटक्या मारत घेतली, कारण तिच्यासोबत तू परत येत होतीस.

आता अर्जात ‘होय’ खोडून ‘नाही’ लिहायचं तर सेवापुस्तकातली नोंद तशीच ठेवता येत नाही. उद्या तिकडे माझा नुसता पाय मोडला तरी कंपनी इथे कागद पाठवणार, भगवंतासारखंच माझं सेवापुस्तक उघडणार. म्हणून मी ऑफिसला खरं लिहून देणार आहे. तिथे कळण्याआधी तुला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

बाबा


५ मार्च १९९५

धनश्री,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला बारा दिवस, यायला बारा दिवस, असा हिशेब करून मी काल-परवाची वाट पाहत होतो. आता रोज टपाल आलं की बारकू लांबूनच मान हलवतो.

साहेबांना अर्ज दिला. विषय: मे १९९२ मधील वैद्यकीय रजा खोट्या कारणास्तव घेतल्याबाबत. साहेब पंजाबी, वर्षभरापूर्वी आलेला, पस्तिशीचा. वाचून म्हणाला, “प्रभाकरजी, एक साल रह गया है रिटायरमेंट को. ये क्यों दे रहे हो? वापस ले जाओ, मैंने नहीं देखा.” मी म्हटलं, साहेब, देखना पड़ेगा. माझी हिंदी तशीच आहे अजून.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अर्ज दाखल झाला म्हणजे चौकशी सुरू. पेन्शनचं काय होईल, सांगता येत नाही. आणि चौकशी चालू असलेल्या माणसाला परदेशी जायची परवानगी मिळत नाही. हा नियम मला माहीत होता की नाही, असं तू विचारशील. माहीत होता. तेहतीस वर्षं मीच दुसऱ्यांना तो दाखवत आलो. मनात वेडी आशा होती की महिनाभरात उरकेल. नाही उरकत. माझं येणं रद्द झालंय.

ऑफिसात आता माझ्या टेबलाशी कोणी रेंगाळत नाही. प्रत्येकाच्या सेवापुस्तकात एखादी कावीळ, एखादा मुदतीचा ताप आहेच. मी ते कपाट उघडीन की काय, अशी सगळ्यांना धास्ती. रमाकांत डॉक्टरांनी मला रस्त्यात हात जोडले आणि तोंड फिरवलं. छातीत दुखायचं मात्र थांबलेलं नाही. चांगलं हृदयही दुखतं, असं दिसतं.

पण तू एकटी राहणार नाहीस. बारकूनं घरी सगळं सांगितलं तेव्हा चिमाबाई म्हणाल्या, “मंग मी जाते.” ललितनं दोन वर्षांपूर्वी त्यांचा पासपोर्ट आणि व्हिसा काढवून घेतला होता. सुधाकरनं नवा अर्ज दिला आणि तो भरायला मी काल त्यांच्या घरी गेलो. आमलीतलं ते घर माझ्या ऑफिसापासून सात मिनिटांवर आहे. एवढ्या वर्षांत काल पहिल्यांदा पायरी चढलो. लग्नातला तुमचा फोटो भिंतीवर आहे. ललितच्या शेजारी बारकू, तुझ्या शेजारी जागा मोकळी. फोटोवाल्यानं सरकून उभं राहायला सांगितलं असणार, कोणी सरकलेलं दिसत नाही.

नववा प्रश्न मी मोठ्यानं वाचला. चिमाबाई, कधी आजारी पडलात का? त्यांना हसू आलं.

“पडले की! हिवताप झाला, ललितच्या येळेला लय रगत गेलं, एकदा पाय सुजून पोटरी एवढी झाली. माणूस हाय तं पडणारच.”

“मग रजा घेतली होती? डॉक्टर?”

“दुसरे दिशी कामावर. आमाला रजा कोन देतं, भाऊ?”

गेल्या पाच वर्षांत त्यांनी दवाखान्याची पायरी चढलेली नाही. वापीच्या डॉक्टरनं तपासून ‘ठीक’ लिहिलं. मी नवव्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलं. त्यांनी अंगठा दिला. आयुष्यात मी भरलेला तो सगळ्यात सोपा अर्ज असेल, आणि भरून झाल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

बाबा


२० मार्च १९९५, सोमवार
(चिमाबाईंच्या हाती)

धनश्री,

काल सकाळी आमलीच्या फोन-बूथवर आम्ही तिघं गेलो होतो. मी बाहेर बाकावर बसलो. फोन बारकू तुम्हाला लावणार होता, मी नव्हे. आधी तो बोलला, मग चिमाबाई बोलल्या, लोकरीचे मोजे घेतलेत का वगैरे. मग बारकूनं काचेवर टकटक केलं आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “मागते ती तुमाला,” म्हणाला.

तुझा आवाज बदललाय. जड झालाय. तू विचारलंस, “बाबा, तुम्हाला काहीच झालं नव्हतं?”

मी म्हटलं, नाही.

“एक दिवससुद्धा नाही?”

“नाही.”

बूथवाल्याच्या यंत्रावर लाल आकडे पळत होते, मी ते बघत राहिलो. मग तू म्हणालीस, “मी तेव्हापासून सोमवार धरलेत. तुमच्या हृदयासाठी. डॉक्टर ओरडले तरी सोडले नाहीत.” आणि फोन बंद झाला.

बारकूला वाटलं, लाइन तुटली. तो पुन्हा लावायला सांगत होता. मी नको म्हटलं.

रात्रभर मी मोजत होतो. मे ९२ पासून आजपर्यंत जवळजवळ दीडशे सोमवार होतात. मी राजापूरला आमरस खाल्ला त्या आठवड्यातसुद्धा तुझा एक सोमवार झाला असेल. तुझी आई माझ्यासाठी असले उपास करायची, तेव्हा मी तिची चेष्टा करायचो. तू कोणाला न सांगता केलेस. परक्या मुलुखात, पोटात बाळ असताना, एका धडधाकट माणसासाठी उपाशी राहिलीस. विमा कंपनीला मी इतका भ्यालो, ऑफिसला भ्यालो, मरणाला भ्यालो, आणि हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. काल त्या काचेच्या खोलीत मला जी भीती वाटली, तिला मी नाव देऊ शकत नाही. बाळाला काही झालं असतं तर कुठल्या कागदावर काय लिहून मी ते निस्तरलं असतं?

चिमाबाई परवा निघतात. ललितच्या कंपनीतलं एक जोडपं त्याच विमानात आहे, ते त्यांना सांभाळून आणतील. त्यांच्यासोबत अळीव, डिंक आणि मी केलेले लाडू देतोय. लाडवांत सुंठ जास्त झालीय. त्यांना थंडीची सवय नाही आणि मागायचीही सवय नाही, तेव्हा तूच विचारत जा. त्यांचा विमा पक्का आहे, त्याचा कागद वेगळ्या पाकिटात, त्यातल्या प्रत्येक ओळीची मी हमी देतो.

माझी चौकशी चालू राहील. मी तारखांना जाईन, विचारतील त्याचं खरं उत्तर देईन. तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क नाही, हे मला कळतं. पत्र लिहू नकोस, फोनवर माझं नाव काढू नकोस, बाळाला माझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. मी मान्य करीन.

फक्त, पोरी, माझं हृदय धड आहे. सुरतच्या डॉक्टरनं सही करून दिलंय आणि हा कागद खोटा नाही. माझ्यावर हवी तितकी रागाव. पण येत्या सोमवारी जेव.

बाबा